थांबलेल्याला कोण पाहणार?

"भावोजी, ती गाडी माझ्या पोराला खरंच सांभाळील का हो?"

हा प्रश्न आमच्या वहिनींनी आम्हांला २०२२ सालच्या नाताळात विचारला. त्यांच्या हातात एक छायाचित्र होते. आमचा पुतण्या गेली काही वर्षे जर्मनीतील म्युनिक शहरी अभियंता म्हणून नोकरी करतो. त्याने फोनवर पाठवलेले हे छायाचित्र वहिनींनी मुद्दाम छापून घेतले होते. त्यात तो शिरस्त्राण काखेत धरून एका अवाढव्य मोटारसायकलीशेजारी उभा होता. सोबत आईला त्याने कळवले होते की, ह्या गाडीला डोळे आहेत, ती स्वतःहून अंतर राखते, सहसा घसरू देत नाही आणि यदाकदाचित पडलोच तर मदतीसाठी हाकही स्वतःच मारते. तेव्हा तू मुळीच काळजी करू नकोस.

आम्ही तेव्हा "सांभाळील हो, आताच्या गाड्या हुशार असतात," असे म्हणून विषय संपवला. परंतु धीर देण्यासाठी दिलेले उत्तर खरे असतेच असे नाही. वहिनींच्या काळजीला एक जुने कारण आहे. त्याकडे आम्ही यथावकाश येऊ. पुढल्या उन्हाळ्यात पुतण्याकडे जाण्याचा आणि त्या गाडीवर मागे बसण्याचा योग आम्हांला आला, आणि तेव्हापासून वहिनींचा साधा प्रश्न आमच्या मनात वेगळेच रूप घेऊन बसला आहे. एखादे यंत्र आपल्या वतीने पाहू लागले, आपल्या वतीने सावध राहू लागले, तर आपल्या वाट्याला कोणते कर्तव्य उरते? यंत्राने वाहिलेली काळजी आपल्या खाती जमा होते काय? ह्या प्रश्नाचा वाचकांसमवेत थोडा विचार करावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू.

प्रथम ह्या गाडीची ओळख करून देणे आवश्यक आहे. बीएमडब्ल्यू कंपनीची 'आर १२५० आरटी' ही मोटारसायकल दूरच्या प्रवासासाठी बांधलेली आहे. तिचे इंजिन १२५४ घनसेंटिमीटरचे, शक्ती १३६ अश्वशक्ती आणि वजन २७९ किलो. आपल्याकडे रोजच्या वापरात असलेल्या साध्या मोटारसायकलीचे वजन सव्वाशे किलोच्या आतबाहेर असते. त्यावरून ह्या धुडाची कल्पना यावी. टाकीत २५ लिटर पेट्रोल मावते. पुढील काच बटण दाबताच वरखाली होते, थंडीत हँडलच्या मुठी गरम करता येतात आणि सव्वादहा इंची पडद्यावर रस्त्याचा नकाशा दिसतो. पण ही सारी सुखसोयींची बाब झाली. आमच्या विषयाशी संबंध आहे तो ह्या गाडीने स्वाराच्या वतीने करावयाच्या कामांचा.

ही कामे एका दिवसात यंत्राकडे गेलेली नाहीत. भिजलेल्या रस्त्यावर स्वाराने घाबरून ब्रेक करकचून दाबला, तर चाक जागच्या जागी जखडते, टायरची पकड सुटते आणि दुचाकीचा तोल जातो. हे टाळण्यासाठी चाक जखडू लागताच ब्रेकचा दाब क्षणभर सैल करून पुन्हा वाढवणारी यंत्रणा, जिला आपण 'एबीएस' म्हणतो, ती बीएमडब्ल्यूनेच १९८८ साली आपल्या 'के १००' ह्या मोटारसायकलीवर बसवली. तेव्हा त्या यंत्रणेचे वजन ११ किलोच्या घरात होते. आज ते एका किलोच्याही आत आले आहे. २०१३ साली बॉश कंपनीने एक पाऊल पुढे टाकले. गाडी वळणावर किती कलली आहे, पुढे झुकली आहे की मागे, ह्याचे मोजमाप सेकंदाला शंभराहून अधिक वेळा घेऊन त्या हिशेबाने ब्रेक आणि इंजिनाची ओढ आवरणारी यंत्रणा केटीएमच्या मोटारसायकलीवर आली. २०२० साली इटलीतील बोलोन्या येथील डुकाटी कंपनीने 'मल्टिस्ट्राडा व्ही ४' ही गाडी जाहीर केली. पुढे आणि मागे दोन्हीकडे रडार असलेली ती पहिली विक्रीस आलेली मोटारसायकल. पाठोपाठ २०२१ च्या आरटीवरही पुढील बाजूस रडार आले.

रडारचे काम समजण्यास अवघड नाही. ते रेडिओलहरी सोडते, समोरच्या वस्तूवर आपटून त्या परत येतात आणि परतलेल्या लहरींवरून ती वस्तू किती दूर आहे व आपल्या तुलनेत किती वेगाने सरकते आहे हे कळते. स्वाराने वेग ठरवून दिला की गाडी तो वेग धरते. पुढे एखादे वाहन आले की स्वतःच वेग कमी करून अंतर राखते. ते अंतर किती असावे हे स्वाराने तीन पायऱ्यांपैकी एक निवडून ठरवायचे. वळणावर गरजेप्रमाणे ती वेग आणखी उतरवते. आणि अपघात झालाच, तर संवेदकांनी धक्का ओळखून गाडी आपणहून मदत केंद्राशी बोलणे जोडून देते. पुतण्याने आईला सांगितलेल्या 'डोळ्यां'चे आणि 'हाके'चे हे स्वरूप आहे.

जुन्या पिढीतील काही मंडळींना हे सारे ऐकून हसू येते. आमचे एक स्नेही म्हणाले, "आम्ही नाही चालवल्या गाड्या चिखलापाण्यातून? असली गाडी चालवण्यात कसब ते काय?" हा आक्षेप आम्हांला मान्य नाही. त्यात कसबाच्या प्रेमापेक्षा अहंकाराचा भाग अधिक आहे. ओल्या रस्त्यावर ऐन वेळी ब्रेकचा नेमका दाब राखणे भल्याभल्यांना साधत नाही, आणि ज्याला ते साधले नाही त्याने प्राण गमवावेत ह्यात नीती कोणती? एबीएस असलेल्या मोटारसायकलींचे प्राणघातक अपघात कमी होतात, असे अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला आपल्या अभ्यासांत आढळले आहे. आपल्या देशातही १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या दुचाकींच्या नव्या नमुन्यांना एप्रिल २०१८ पासून व आधीपासून बाजारात असलेल्यांना एप्रिल २०१९ पासून ही यंत्रणा सक्तीची झाली. तिने किती घरांतील माणसे संध्याकाळी सुखरूप घरी आणली असतील!

तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी सुज्ञता ह्या सद्गुणाची आठ अंगे सांगितली आहेत. त्यांत दूरदृष्टी, सभोवार पाहणे आणि सावधपणा ह्यांच्या जोडीला दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी हेही एक अंग आहे. आपल्याला सारे कळते, आपल्याला कोणाची मदत नको, असे मानणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीने सुज्ञ ठरत नाही. मदत स्वीकारणे हा दुबळेपणा नव्हे. आपल्या हाताची मर्यादा ओळखून जो यंत्राचा आधार घेतो, तो ह्या एका बाबतीत तरी आमच्या त्या स्नेह्यांहून शहाणा आहे.

मात्र येथेच दुसरी बाजू उभी राहते. ह्याच म्युनिक शहरात १९८० च्या दशकात टॅक्सीचालकांवर एक प्रयोग झाला होता. एका ताफ्यातील काही टॅक्सींना एबीएस बसवले, इतरांना नाही. अपेक्षा अशी की, ज्यांना चांगले ब्रेक मिळाले त्यांचे अपघात घटतील. प्रत्यक्षात दोन्ही गटांतील अपघातांच्या संख्येत म्हणावा तसा फरक पडला नाही. निरीक्षकांना असे दिसले की, एबीएसवाले चालक वळणे अधिक झपाट्याने घेत होते आणि पुढल्या वाहनाच्या अधिक जवळ जात होते. यंत्राने दिलेली सुरक्षितता त्यांनी धाडसाच्या रूपाने खर्चून टाकली होती. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी हा प्रयोग आपल्या सिद्धांताच्या पुष्टीसाठी मांडला. माणूस मनाशी धोक्याचे एक प्रमाण धरून असतो आणि एका बाजूने धोका घटला की दुसऱ्या बाजूने तो वाढवून घेतो, असे त्यांचे म्हणणे. सर्वच तज्ज्ञ हा सिद्धांत मान्य करीत नाहीत. मोटारसायकलींच्या बाबतीत वर दिलेला अनुभव त्याच्या विरुद्धही जातो. परंतु त्या टॅक्सीचालकांत आपणा प्रत्येकाचा थोडा अंश आहे, हे कोण नाकारील? घरात औषध आहे म्हणून पथ्य मोडणारे आपणच ना?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ साली स्वयंचलित यंत्रांविषयी लिहिलेल्या एका निबंधात ह्याच्याही पुढचा पेच दाखवून दिला. यंत्र सोपी कामे स्वतःकडे घेते आणि अवघड प्रसंग तेवढा माणसासाठी ठेवते. पण रोजच्या सोप्या कामांतूनच माणसाचा हात तयार होत असतो. म्हणजे ज्या क्षणी माणसाची खरी गरज पडते, त्या क्षणी तो सर्वांत कमी तयारीत असतो. सद्गुण सवयीने घडतो, हे ॲरिस्टॉटलपासून आपण ऐकत आलो आहोत. घर बांधता बांधता गवंडी तयार होतो, तसा लक्ष देता देता माणूस सावध होतो. मग लक्ष देण्याचे कामच ज्याच्या हातून निघाले, त्याने सावध कसे व्हावे?

ह्या विचारांचे ओझे सोबत घेऊनच आम्ही २०२३ च्या उन्हाळ्यात एका सकाळी पुतण्याच्या मागे बसलो. म्युनिकहून दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या गार्मिश गावाकडे महामार्ग जातो. शिरस्त्राणात बसवलेल्या यंत्रातून आम्हांला एकमेकांशी बोलता येत होते. त्याने ताशी ११० किलोमीटर वेग ठरवून दिला. पुढे एक निळी मोटार त्याहून हळू चालली होती; आमची गाडी तिच्यामागे एखाद्या शहाण्या वासरासारखी ठरावीक अंतराने चालू लागली. मोटार मंदावली की ही मंदावे, तिने वेग घेतला की ही घेई. दोन्ही बाजूंची हिरवी कुरणे आणि समोर वाढत जाणारे डोंगर पाहताना आमच्या मनातील शंका हळूहळू विरघळल्या. वहिनींना आपण दिलेले उत्तर बरोबरच होते, असे वाटू लागले.

महामार्ग संपण्याच्या थोडे अलीकडे ती निळी मोटार बाहेर जाणाऱ्या फाट्याला वळली. लगेच आमची गाडी वेग घेऊ लागली. तिच्या लेखी आता रस्ता मोकळा होता. आणि वळणापलीकडे वाहनांची लांबलचक रांग स्तब्ध उभी होती. आम्हांला ती दिसेपर्यंत पुतण्याचा हात ब्रेकवर गेलेला होता. गाडी सावकाश, कोणताही झटका न बसता, शेवटच्या वाहनामागे थांबली. आमचा श्वास जाग्यावर आल्यावर तो म्हणाला, "काका, हे काम गाडीचं नाही. पुढची मोटार निघून गेली की तिला वाटतं, रस्ता मोकळा झाला. आधीपासून थांबलेली वाहनं तिच्या हिशेबातच नाहीत. चालत्याला ती ओळखते, थांबलेल्याला नाही. तिथं मीच पाहायचं असतं."

हा काही त्या गाडीतील बिघाड नव्हता. तिच्या निर्मात्यांनी गाडी आणली तेव्हाच हे उघडपणे सांगितलेले होते: ही यंत्रणा चालत्या वाहनांनाच प्रतिसाद देते, रांगेच्या शेवटी किंवा सिग्नलपाशी उभ्या असलेल्या वाहनांची ती दखल घेत नाही, तेथे ब्रेक स्वारानेच लावावयाचा. त्यामागील कारणही समजण्याजोगे आहे. रस्त्याकडेच्या पाट्या, कठडे, पूल, गटारांची लोखंडी झाकणे ह्या सर्वांवरून रडारच्या लहरी परत येतात. ह्या प्रत्येक अचल वस्तूला भिऊन यंत्राने ब्रेक लावला, तर प्रवासच अशक्य होईल. त्यातून ही दुचाकी. मोटारीत बसलेल्या माणसाला अचानक ब्रेकने फार तर पट्ट्याचा हिसका बसेल. बेसावध मोटारसायकलस्वार मात्र तोल जाऊन फेकला जाईल. म्हणून जे हलत नाही ते सोडून द्यावे, असे त्या यंत्राला शिकवण्यात आले. पुढील काळात ह्याहून अधिक पाहणाऱ्या यंत्रणा आल्या. स्वाराने ब्रेक लावला पण पुरेसा लावला नाही, तर दाब वाढवून देणारी यंत्रणाही बॉशने तयार केली आहे. उद्या आणखी काही येईल. परंतु तत्त्व तेच राहते: प्रत्येक यंत्र कोणाच्या तरी निवडीने पाहते. काय पाहायचे आणि काय सोडून द्यायचे हे कोणीतरी आधी ठरवलेले असते, आणि जे सोडून दिले ते पाहण्याची जबाबदारी मुकाट्याने आपल्याकडे येते.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्सिग यांनी १९६८ साली आपल्या मुलाला मागे बसवून मिनिआपोलिसहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारसायकलीने प्रवास केला. त्या प्रवासावर आधारलेले 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स' हे त्यांचे पुस्तक १९७४ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांच्या मित्राची गाडीही योगायोगाने बीएमडब्ल्यूच असते. तिचे हँडल सैल होते, तेव्हा बिअरच्या डब्याचा पातळ पत्रा कापून मध्ये बसवावा असे लेखक सुचवतो आणि मित्र दुखावतो. आपल्या उंची गाडीला असला पत्रा! मित्राला गाडीचा उपभोग हवा आहे. तिला जाणून घेण्याचे कष्ट नको आहेत. पर्सिग यांच्या मते आस्थेचा अभाव येथूनच सुरू होतो. आजच्या गाडीचे रडार रस्त्याकडेला बसून पत्र्याच्या तुकड्याने दुरुस्त होणारे नाही. तरीही आस्थेचा एक प्रकार आपल्याला उपलब्ध आहे: ह्या यंत्राला काय दिसत नाही हे नीट माहीत करून घेणे. पुतण्याने सूचनापुस्तिका वाचली होती. विक्रेता यंत्राचे सामर्थ्य सांगतो. मर्यादा मात्र पुस्तिकेच्या आतल्या पानावर असतात. जो ती पाने वाचत नाही, तो आपले आणि रस्त्यावरील परक्यांचे प्राण एका गैरसमजावर सोपवून निघतो.

आता वहिनींच्या त्या जुन्या कारणाकडे येतो.

१९९३ सालच्या ऑगस्टमध्ये, एका पावसाळी संध्याकाळी, आमचे थोरले बंधू स्कूटरवरून घरी परतत होते. महामार्गावर चाक पंक्चर झाले. ते गाडी कडेला घेऊन स्टेपनी लावत होते. मागून आलेल्या ट्रकने त्यांना उडवले. त्या चालकाने पुढे पोलिसांना सांगितले, "साहेब, मला तिथं कोणी दिसलंच नाही." कित्येक वर्षे आम्ही ह्या वाक्याला खोटे समजत आलो. तो दारू प्यालेला नव्हता. सलग दोन रात्री गाडी हाकत होता. चालती वाहने त्याने पाहिली, चुकवली. पुतण्या त्या रांगेमागे बसून बोलत होता तेव्हा आम्हांला प्रथमच वाटले की, तो माणूस खरे बोलत असावा. थांबलेला माणूस त्याच्या हिशेबात नव्हता.

म्हणूनच "यंत्र आंधळे आणि माणूस डोळस" अशी सोयीची विभागणी आम्ही करू शकत नाही. आमच्या भावाच्या अंगावर आलेल्या ट्रकमध्ये यंत्राचे डोळे नव्हते, माणसाचेच होते. एखाद्या चांगल्या यंत्रणेने कदाचित त्यांचे प्राण वाचवलेही असते. जे अचल आहे ते वगळावे ही सवय यंत्राने आपल्याकडूनच घेतली आहे, असे म्हणावे लागते. रोजच्या वाटेवरचे झाड आपल्याला दिसेनासे होते, तसा रोजच्या कोपऱ्यावर बसणारा भिकारीही. वेगाने जाणाऱ्याला वेगाने जाणारेच दिसतात. आपल्यापुढे कोण गेला, मागून कोण येतो आहे, ह्याची आपल्याला अचूक जाणीव असते. वाटेत कोण थांबले, का थांबले, हे मात्र कळत नाही. नोकरीत, शिक्षणात, कुटुंबातही हेच घडते.

त्या संध्याकाळचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. बंधू जवळजवळ अर्धा तास रस्त्याकडेला पडून होते. अनेक वाहने गेली. ह्या वेळी ते दिसले नाहीत असे म्हणता येणार नाही. कित्येकांनी वेग कमी करून पाहिले आणि वेग वाढवून निघून गेले. कोणाला पोलिसांची भीती, कोणाला कोर्टाच्या फेऱ्यांची. अखेर सायकलला दुधाचे कॅन लावून चाललेला एक माणूस थांबला. त्याने सायकल आडवी टाकली, रस्त्याच्या मधोमध उभे राहून एक टेम्पो अडवला आणि बंधूंना इस्पितळात पोहोचवले. उशीर झाला होता. त्याच रात्री ते गेले. त्या दूधवाल्याचे नावही आम्हांला विचारता आले नाही.

वाटेत पडलेल्या माणसाला पाहून बाजूने निघून गेलेल्यांची आणि थांबलेल्या शोमरोनी माणसाची गोष्ट आपल्या मुलांना तोंडपाठ असते. आपल्या देशाच्या कायद्याने तर त्या शोमरोनी माणसाचे नावच उचलले आहे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्या 'गुड समॅरिटन'ला पोलीस व न्यायालयीन त्रासापासून संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमही आले. जर्मनीत अपघातग्रस्ताला शक्य असूनही मदत न करणे हा गुन्हाच आहे. व्हॅटिकनने जून २००७ मध्ये रस्त्यावरील वर्तनासंबंधी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यातील वाहनचालकांसाठीच्या दहा आज्ञांत अपघातग्रस्तांना साहाय्य करण्याचा आदेश आहे आणि अखेरची आज्ञा इतरांविषयी जबाबदारी बाळगण्याची आहे. भीतीचे कारण कायद्याने दूर केले. थांबण्याची इच्छा मात्र कायद्याला निर्माण करता येत नाही.

आणखी एक गोष्ट आमच्या मनाला टोचते. भारतात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हेल्मेट न घातल्यामुळे दगावलेल्यांची सरकारी नोंद ५०,०२९ आहे. एकीकडे रडार आणि दुसरीकडे साधे हेल्मेटही नाही, अशा जगात आपण राहतो. ज्याला उत्तम संरक्षण परवडते त्याने ते घ्यावे. त्यात गैर काही नाही. पण ते घेतल्याने त्याचे देणे फिटत नाही, उलट वाढते. पावणेतीनशे किलोंचे आणि १३६ अश्वशक्तीचे वाहन ज्याच्या मुठीत आहे, त्याच्यापासून पायी चालणाऱ्याला कोणते रडार वाचवणार? तेथे स्वाराचा विवेक हेच रडार.

मग यंत्राने वाहिलेली काळजी आपल्या खाती जमा होते काय, ह्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो: होते, पण उसन्या रकमेसारखी. अंतर राखण्याचे, वेग सांभाळण्याचे काम यंत्राने केले की आपले तेवढे लक्ष मोकळे होते. म्युनिकच्या त्या टॅक्सीचालकांनी हे मोकळे झालेले लक्ष वेगावर उधळले. आपण ते पडद्यावरील गाण्यांच्या यादीवर उधळू शकतो, झोपेवर उधळू शकतो. किंवा यंत्राच्या हिशेबात जो नाही त्याच्याकडे ते वळवू शकतो. ही निवड कोणतीही कंपनी आपल्यासाठी करून देणार नाही, आणि माणसाची परीक्षा होते ती ह्याच निवडीत.

आम्ही परतलो त्या आठवड्यात वहिनी भेटायला आल्या. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ह्या वेळी आम्ही घाई केली नाही. रांगेची हकीकत आम्ही त्यांना सांगितली. काही लपवले नाही. त्यांचा चेहरा उतरला. मग आम्ही त्याच दिवशीची दुसरी गोष्ट सांगितली. परतीच्या वाटेवर, डोंगरातील एका वळणाच्या कडेला, एक वयस्क गृहस्थ आपल्या जुन्या मोटारसायकलीजवळ उभे होते. हात दाखवून मदत मागत नव्हते. नुसते उभे होते. पुतण्याने वेग उतरवला, अंगठा वर करून 'ठीक आहे ना?' असे खुणेने विचारले. गृहस्थांनी मान हलवली. चेन उतरली होती. वीस मिनिटे दोघे हात काळे करीत बसले. गाडीने ह्याविषयी पुतण्याला काहीच सांगितले नव्हते.

वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे तो थांबला?"

"हो वहिनी, थांबला."

त्यांनी छायाचित्र पुन्हा पिशवीत ठेवले आणि पदराने डोळे पुसले. गाडीविषयी त्यांनी त्यानंतर आम्हांला काही विचारले नाही.